फिरंगी कोठीतला मोहन

आष्टी,
शनिवार, ता. ९ जानेवारी १९३७

श्रीमती केसरबाई यांस,

तुम्हाला कोणत्या नात्यानं हाक मारावी हे ठरवताना दोन कागद फाडले. हा तिसरा. मी मोहनची थोरली बहीण मनकर्णा. एकोणतीस वर्षं तुम्ही माझी भावजय आहात, आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक अक्षर लिहिलं नाही. आज लिहिते आहे तेही तक्रार करायला, याची लाज वाटते. तरी लिहिते.

मोहन गेला हे मला कळलं मागल्या दिवाळीत, तो जाऊन वर्ष उलटल्यावर. माझा मुलगा अर्जुन कचेरीच्या कामासाठी बीडला गेला होता. जहागीरदारांच्या धाकट्या साहेबांनी तिथल्या जुन्या फिरंगी कोठीत नव्या तऱ्हेच्या चित्रांचं संग्रहालय उघडलं आहे, ते पाहून आणि मोहन गेल्याचं तिथंच ऐकून आला आणि चपला न काढताच म्हणाला, "आई, तिथं मामाची चित्रं आहेत. एक तर मामानं स्वतःचंच काढलंय." 'मामा' हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला.

मी मोहनला शेवटचं पाहिलं १९०४ साली. वडिलांना त्याला वकील करायचं होतं, आणि तो चित्रं शिकायला मुंबईला निघून गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही. अलीकडे मला त्याचा आवाज आठवतो, पण चेहरा डोळ्यांसमोर येता येता पुसला जातो. म्हणून तो एकदा पाहावा एवढ्यासाठी मी परवा बुधवारी मोटारीनं बीडला गेले. बुधवारी तिथं जनाना दिवस असतो. त्या दिवशी पुरुषांना आत येऊ देत नाहीत. पहारेकरी नबीसुद्धा बाहेर चिंचेखाली बसतो आणि आतलं त्याची बायको आमिनाबी बघते.

कोठी तुम्ही पाहिली आहे की नाही, मला ठाऊक नाही. निजामाच्या फौजेतल्या कुणा फिरंगी साहेबानं शंभर वर्षांपूर्वी बांधली म्हणतात. उंच कमानी, मध्ये कोरडा हौद, खिडक्यांना रंगीत काचा. सकाळच्या उन्हानं फरशीवर तांबडे-हिरवे चौकोन पडले होते. मला एकदम सिकंदराबादची आमची नन्सची शाळा आठवली. तिथल्या चॅपेलमध्ये असेच चौकोन पडायचे आणि आम्ही मुली एकाही रंगावर पाय न ठेवता चालायची शर्यत लावायचो. माझे पाय आपोआप तसे पडू लागले. बरोबर आमच्याकडे काम करणारी सारजाबाई होती, ती म्हणाली, "बाई, पायात काटा भरला काय?"

चित्रं पाहून तर ती गप्पच राहीना. एका चित्रात निळी म्हैस होती. "ह्या म्हशीचं दूध कोन पिईल, माय!" म्हणाली. पडद्यातल्या चार बेगमा बुरखे काढून निवांत फिरत होत्या, त्यांनाही हसू फुटलं. मी मात्र एकेका चित्राखालची नावं वाचत पुढे चालले होते.

शेवटच्या दालनात भिंतीवर पाटी होती: 'चित्रकाराचे स्वतःचे चित्र. श्रीमती केसरबाई, मु. चकलांबा, ता. गेवराई, यांजकडून भेट.' आणि पाटीच्या वर चित्राची पाठ. नुसतं उघडं कापड आणि लाकडाची चौकट. सगळ्या कोठीत तेवढं एकच चित्र तोंड भिंतीकडे करून टांगलेलं.

मी सरळ करायला हात पुढे केला, तर आमिनाबी धावत आली. "हात नका लावू बाई. बुधवारी असंच ठेवायचा हुकूम हाय."

"कुणाचा हुकूम?"

"ते मला काय ठाव? हुकूम हाय."

केसरबाई, हुकूम कुणाचा हे मी परत येताना मोटारीत ओळखलं. बुधवारी बायका येणार, म्हणजे कधी तरी मीही येणार, हे चित्र देणाऱ्याला माहीत असणार.

मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही बालविधवा होतात, मोहननं तुमच्याशी लग्न केलं, आणि माहेर-सासर दोन्हीकडून मला ताकीद मिळाली. १९०९ साली त्याचं पत्र आलं. मी ते न उघडता, माझ्या हातानं पाकिटावर 'परत' असं लिहून पाठवून दिलं. माझे यजमान समोर उभे होते, हे खरं. पण अक्षर माझं होतं. आज तेही नाहीत, वडीलही नाहीत, आता मला अडवणारं कुणी उरलं नाही. मी परत केलेल्या पत्राची ही परतफेड असेल तर ती मला मान्य आहे. फक्त एवढं सांगा, तसं ठेवायला मोहननं सांगितलं होतं, की तुम्ही?

मनकर्णा


चकलांबा,
ता. २४ जानेवारी १९३७

ती. वन्सं यांस केसरचा शिरसाष्टांग नमस्कार.

काय हाक मारावी म्हनून मी एकबी कागद फाडला न्हाई. तुमी आमच्या ह्यांची बहीण, म्हंजे माझ्या वन्सं. लग्न लागलं त्या दिवसापासून मी मनात तेच म्हनत आले.

तुमचं पत्र माझ्या भावानं, सुंदररावानं, वेशीतून आणलं. पाकिटावर आष्टीचं नाव बघून म्हनला, "आक्का, तुझी नणंद तीस वर्सांनी भांडायला आली गं!" मी म्हनलं, येऊ दे की. सासरचं मानूस अजून एकदाबी माझ्याशी भांडलं न्हाई. तेवढी हौस ऱ्हायली व्हती.

आता उत्तर ऐका. ह्यांनी असलं काही सांगितलं न्हाई न मीबी सांगितलं न्हाई. ते गेल्यावर मी मुंबई सोडून हितं भावाकडं आले. चित्र आणलं, पर हितं चुलीचा धूर. दोन महिन्यात ह्यांच्या कपाळावर काजळी बसाय लागली. धाकट्या साहेबांनी ह्यांची दुसरी चित्रं मुंबईतच घेतलती, म्हनून हेबी त्यांनाच दिलं. चार लोकांनी बघावं म्हनूनच दिलं. तोंड फिरवूनच ठेवायचं असतं तर तिकडं दिलंच कावून असतं?

तुमी लई शिकलेल्या, नन्सच्या शाळेतल्या. पर मोटारीत बसून हुकूम कुणाचा ते ओळखायला तिथं शिकवत न्हाईत वाटतं.

मी शुक्रवारी बीडला जाते. त्या नबीलाच इचारते.

तुमची भावजय
केसर


फिरंगी कोठी, बीड
माहे इस्फंदार, १३४६ फसली (इंग्रजी ता. २९ जानेवारी १९३७)

मनकर्णाबाई साहेबांच्या खिदमतीत नबी पहारेकऱ्याचा सलाम पोहोचे.

मी मराठी चौथीपातुर शिकलो हाय. चूकभूल माफ असावी. चकलांब्याच्या बाई आज कोठीवर आल्या न त्यांनी मला उभ्याउभ्याच फैलावर घेतलं. म्हनल्या, "काय रे नबी, माझ्या मालकाला शाळेतल्या पोरावानी भिंतीकडं तोंड करून उभं करतोस? आन वर हुकूम म्हनतोस? आता तूच आष्टीला लिव्ह." म्हनून हे पत्र. त्या समोरच बसल्यात.

बाईसाहेब, हुकूम धाकट्या साहेबांचा हाय. बुधवारी आत एकबी मर्द नको, असा. चित्रातला का बाहेरचा, ते त्यांनी सांगितलं न्हाई. पडद्यातल्या बायका बुरखा काढून फिरतात. परका मर्द दिवसभर त्यांच्याकडं टक लावून बघतोय, हे बरं दिसतं का? म्हनून मी मंगळवारी सांजच्याला चित्र उलटं करतो न गुरुवारी सीधं करतो.

तुमी म्हनाल, बाजाराच्या चित्रात तर किती मर्द हायत. हायत. पर ते आपापल्या सौद्यात गुतलेत, कुणाकडं बघत न्हाईत. हा एकलाच समोर बघतो. एक डोळा मोठा हाय, एक नुस्ती रेघ हाय, पर बघतो नक्की.

खरं सांगतो, आधी मला तो मर्द हाय हेच कळलं नव्हतं. तोंड हिरवं, नाक एका अंगाला. आमिनाबी म्हनली झाड हाय. मग मला मिशी सापडली.

तो तुमचा सख्खा भाऊ हाय, हे आमाला कुठं ठाव? बहिनीला भाऊ परका न्हाई. तिनं त्याला बघायला पडदा कसला? माझी चूक झाली. तुमी बुधवारीच या. बेगमा तिसऱ्या पहरी घरी जातात. त्या गेल्या की आमिनाबी चित्र सीधं करंल. चौकट जड हाय, तुमच्या सारजाबाईनं एका अंगाला हात लावावा. मग तुमी दिवस बुडंपातुर बसा. तुमाला कुणी ऊठ म्हननार न्हाई.

आपला ताबेदार
नबी


आष्टी,
ता. ५ फेब्रुवारी १९३७

प्रिय केसर,

तू माझ्याहून लहान आहेस आणि भावजय आहेस, तेव्हा आता अहो-जाहो पुरे. नबीचं पत्र मी अर्जुनला मोठ्यानं वाचायला लावलं. मिशीपाशी तो थांबला आणि आम्ही दोघं डोळे पुसत हसलो. चुलीपुढून सारजाबाई ओरडली, "मला तवाच वाटलं व्हतं!" तिला काय वाटलं होतं ते देव जाणे.

मी तुझ्यावर नाही तो संशय घेतला. तू रागावून बसली नाहीस, सरळ मोटारीत बसून माझ्यासाठी बीडला गेलीस. माझ्यासाठी असं कुणी उठून जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुझे आभार कसे मानू?

नबी म्हणतो तशी मी लगेच बीडला जाऊ शकते. अर्जुन न्यायला तयार आहे. पण मी थांबले आहे. मोहनच्या समोर उभं राहण्यापूर्वी मला एक गोष्ट कळायला हवी. ते परत आलेलं पाकीट त्यानं पाहिलं तेव्हा काय झालं? आणि तो गेला तेव्हा त्याच्या मनात माझ्याबद्दल राग होता का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

लहानपणी मीच त्याची चित्रकलेची मास्तरीण होते, हे त्यानं तुला कधी सांगितलं का? वडील सिकंदराबादेला रेल्वेच्या गोदामात नोकरीला होते. मुलांच्या शाळेत चित्रकला नव्हती, आमच्या शाळेत होती. सिस्टर बेनेडिक्टा पांढऱ्या ताटलीत अंडं ठेवायच्या आणि म्हणायच्या, पांढऱ्यावर पांढरं काढून दाखवा. रेषा नको, फक्त सावली. संध्याकाळी घरी येऊन मी मोहनला तेच शिकवायची. आमच्या घरात अंडं चालत नसे, म्हणून मी पांढरा कांदा सोलून ठेवायची. तो सात वर्षांचा होता. कांद्यानं त्याचे डोळे पाणावायचे, पण पेन्सिल खाली ठेवायचा नाही.

वाट पाहते.

मनकर्णा


चकलांबा,
ता. २० फेब्रुवारी १९३७

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुमचं कांद्याचं वाचलं न मी पत्र खाली ठेवून अंगनात गेले. सुंदरराव म्हनला, काय झालं? मी म्हनलं, सत्तावीस वर्सांचं कोडं सुटलं.

हे मुंबईला एका शाळेत चित्रकलेचे मास्तर व्हते. दर जून महिन्यात नवा वर्ग आला की हे घरून पांढरी ताटली न सोललेला पांढरा कांदा घेऊन जायचे. एकदा हेडमास्तरांनी इचारलं, "मोहनराव, सगळीकडं मुलांपुढं अंडं ठेवतात, तुमचा हा कांदा कुठला?" तर हे म्हनले, "मी ज्या शाळेत शिकलो तिथं कांदाच ठेवतात." घरी मी इचारलं, कोनती शाळा? तर म्हनले, नन्सची. मी आजपातुर समजत आले की नन्सना कांदा लई आवडतो.

आता तुमी इचारलं ते. मी गोड करून लिव्हनार न्हाई. पाकीट परत आलं त्या दिवशी हे जेवले न्हाईत. त्याच्या म्होरं तीन-चार वर्सं तुमचं नाव निघालं की ताट बाजूला सारायचे. मी बी तुमाला लई बोलले, त्यांच्यापेक्षा जास्ती. मग हळूहळू निवले. पहिल्यांदा आपल्या तोंडानं "ताई" कवा म्हनले, ते मला याद हाय. पावसात छत गळत व्हतं न हे चित्रावर छत्री धरून उभे. मला म्हनले, "ताई असती तर म्हनली असती, आधी स्वतःचं डोकं झाक." एवढंच. मग अधूनमधून ताईचं काही न काही निघायचं.

शेवटच्या दुखन्यात तुमचं नाव घेतलं का? न्हाई घेतलं. माझंबी घेतलं न्हाई. शुद्ध नव्हती. पर तुमच्यावर राग नव्हता, हे मी देवासमोर हात ठेवून सांगते. कशावरून म्हनून इचारू नका. नव्हता.

तुमी जा न बघून या.

केसर


आष्टी,
ता. २७ फेब्रुवारी १९३७

प्रिय केसर,

तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. एवढं खरं लिहिलंस म्हणूनच शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास बसला. कशावरून ते विचारू नका म्हणतेस, म्हणून विचारत नाही.

छत्रीचं पुन्हा पुन्हा वाचते. मी खरंच तसंच म्हटलं असतं.

सोबत एक लुगडं पाठवते आहे, निळ्या काठाचं. लग्नात नणंदेनं भावजयीला द्यायचं असतं ते. फार उशीर झाला आहे, पण घे. तू माझ्या भावाला सांभाळलंस आणि त्याच्या मनातून माझ्यावरचा राग काढलास. तुझ्यासारखी मनाची स्वच्छ बाई मी दुसरी पाहिली नाही.

शिवरात्र झाली की मी बीडला जाईन.

मनकर्णा


चकलांबा,
ता. १४ मार्च १९३७

ती. वन्सं,

लुगडं पोचलं. घडी मोडली न्हाई. तुमी मला स्वच्छ म्हनलात, ते वाचल्यापासून अन्न गोड लागंना. लिव्हू का नको करत पंधरा दिवस काढले. आता लिव्हते. वाचून लुगडं परत मागा, मी पाठवीन.

राग नव्हता हे मला कशावरून ठाव, ते ऐका. आमाला एक पोर व्हती. सहा वर्सांची. इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, १९१८ सालच्या दिवाळीच्या तोंडावर. चाळीत घराघरात मानसं पडलेली, खांदा द्यायला दोघं मिळाले. माझ्या माहेरी तवा कुनी बोलत नव्हतं, तुमच्याकडचं तर इचारूच नका. वर्सभर हे काही बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवाळीच्या आधी ह्यांनी तुमाला पत्र लिव्हलं न मला वाचून दाखवलं. म्हनून शब्द न् शब्द पाठ हाय. "ताई, आमची पोर गेली. दिवाळीला आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ का? तुला अडचण असेल तर उत्तर देऊ नकोस. मी समजेन. रागवणार न्हाई."

पत्र टपालात टाकायला माझ्याकडं दिलं. पेटीपातुर गेले. हातात पाकीट, त्यावर आष्टी. मला ते 'परत' आठवलं. वाटलं, पोर तापली तवा कुनी आलं न्हाई, आता ह्यांनी कावून हात पसरायचे? पाकीट चोळीत घातलं, घरी आनलं न चुलीत सारलं.

हे पंधरा दिवस टपालवाल्याच्या वाटेकडं डोळे लावून बसले. मग म्हनले, "ताईचा इलाज नसंल." पुन्हा त्यांनी लिव्हलं न्हाई. तुमी नको म्हनलात, असंच समजून ते गेले. सोळा वर्सं शेजारी झोपून मला ते सांगायचं धाडस झालं न्हाई.

तुमी त्यांचं पत्र परत पाठवलं ते दुसऱ्याच्या हुकमानं. मला कुनाचा हुकूम नव्हता.

केसर


आष्टी,
शनिवार, ता. १७ एप्रिल १९३७

प्रिय केसर,

तुझ्या पत्राला महिना होऊन गेला. मी आजारी नव्हते. रागावले होते.

खोटं कशाला लिहू? तुला उत्तर म्हणून चार पत्रं लिहिली. पहिल्यात जे शब्द होते ते नन्सनी ऐकले असते तर मला आठवडाभर गुडघ्यांवर बसवलं असतं. १९१९च्या त्या दिवाळीला मी या घरात काय करत होते, तेच आठवत बसायची. करंज्या तळल्या असतील, पाहुण्यांना वाढलं असेल. आणि तो तिकडे टपालाची वाट पाहत होता. यजमान तेव्हा हो म्हणाले असते का? सांगता येत नाही. मी त्यांच्यापुढे बोलायला धजले असते का, तेही सांगता येत नाही. पण निदान माझ्यावर ती वेळ आली असती.

चौथं पत्र लिहीत होते तेव्हा सारजाबाई दाराशी येऊन उभी राहिली. "बाई, रोज लिव्हता न रोज उशाखाली सारता. बोलायचं असंल तर तोंडावर बोला की."

तिच्यावर खेकसले, पण पत्र तिथंच थांबलं. आधी लिहिलेली तिन्ही मी पुन्हा वाचली. सगळ्यांत मोहन होता, मी होते, माझी चुकलेली दिवाळी होती. तुमच्या मुलीचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. मी तिची आत्या. ती होती हे मला कळलं आणि गेली हेही कळलं, दोन्ही एकाच ओळीत, आणि मी तुझ्याशी भांडत सुटले. तिचं नाव तू लिहिलं नाहीस. मला तिचं नाव हवं आहे, केसर. ती कुणासारखी दिसायची? तिच्यासमोर कधी कांदा ठेवला होता का त्यानं?

पाडव्याची गुढी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी मी बीडला निघाले. बुधवारी तिसऱ्या प्रहरी बेगमा गेल्या. नबीनं बाहेरूनच हाक मारली, "आमिना, आता सीधा कर!" आमिनाबीनं आणि सारजाबाईनं चौकट दोन्ही बाजूंनी धरली आणि फिरवली.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चेहरा हिरवा होता, कोवळ्या ज्वारीच्या पानासारखा. नाक खरंच एका बाजूला. एक डोळा मोठा, दुसरी रेघ. मी खाली बसून पाहिलं, खिडकीपाशी जाऊन पाहिलं. माझा एकोणीस वर्षांचा भाऊ त्यात कुठेही नव्हता. सारजाबाई हळूच म्हणाली, "बाई, तुमचे भाऊ लई आजारी दिसतात." आमिनाबीला ते आवडलं नाही. "रंगच तसा हाय. तब्येत बरी हाय त्यांची."

तेहतीस वर्षं थांबून, मोटारीत हाडं खिळखिळी करून मी भावाचा चेहरा पाहायला गेले, आणि मला तो ओळखता आला नाही. मी तिथं बसून राहिले. नबीनं दिलेला शब्द पाळला, कुणी ऊठ म्हणालं नाही. हळूहळू ध्यानात आलं की चूक चित्राची नाही. मला माहीत असलेला मोहन केव्हाच संपला. भिंतीवर आहे तो पन्नाशीचा माणूस, आणि त्याला मी एकदाही भेटलेले नाही. तो कोणता डोळा बारीक करून हसायचा, चित्र काढताना तोंड कुठे वळवायचा, हिरवा हा त्याचा कोणता रंग, रागाचा की सुखाचा, हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. तुला क्षमा केली असं लिहिणार नाही, कारण ते अजून पुरतं खरं नाही. सकाळी राग नसतो, दुपारी कुठून तरी येतो. पण त्याच्याइतकीच खरी दुसरी गोष्ट ही, की मी तुझी फार ऋणी आहे. सगळ्यांनी टाकलेल्या माझ्या भावाकडे सत्तावीस वर्षं कुणीतरी रोज पाहत होतं. त्याचा राग, त्याची छत्री, त्याचा कांदा, सगळं तू नीट जपून ठेवलंस आणि मागताच माझ्या हातात दिलंस. चुलीत सारलेल्या पत्राचाही शब्द न् शब्द दिलास. तू लिहिलं नसतंस तर त्यानं मला बोलावलं होतं हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. लुगडं परत मागणार नाही. नेस.

आणि ये. बुधवार, २८ तारखेला मी सकाळच्या मोटारीनं बीडला येते. नबीला सांगून ठेवलं आहे. बेगमा गेल्यावरही तुझी मोटार यायची असेल तर मी हौदाच्या काठावर बसेन, तू येईपर्यंत त्या दालनात जाणार नाही. मग माझ्या शेजारी उभी राहा आणि कपाळापासून सुरुवात करून मला मोहन दाखव.

तुझी वन्सं,
मनकर्णा